दोन बुलेट जोडून एक इंजिन होतं का?

बुलेटवाले चार जण चहाला बसले की हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. साडेतीनशेची दोन इंजिनं जोडली तर सातशेचं एक होईल का? निम्मे हसतात, उरलेले मोबाइल काढून व्हिडिओ शोधायला लागतात.

होतं. अनेकांनी केलंय. अनिकेत वर्धन या मूळच्या भारतीय डिझायनरने अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबस शहरात, बुलेटच्याच दोन सिलिंडरांचं इंजिन बनवलं आणि त्याला ‘मस्केट’ नाव दिलं. ऑस्ट्रेलियाच्या पॉल कार्बेरींनी पाचशेच्या बुलेटचे दोन सिलिंडर घेऊन हजार सीसीचं इंजिन उभं केलं आणि पुढे ते काम छत्तीसगडमधल्या भिलाईत आणलं. इंग्लंडचे ॲलन मिलयार्ड तर कावासाकीची क्रँककेस, म्हणजे इंजिनाची खालची पेटी, हॅकसॉने हाताने कापतात, जास्तीचे सिलिंडर बसवतात आणि वर ती गाडी कारखान्यातूनच तशी आल्यासारखी दिसते. आणि हे फक्त हौशी लोकांचं वेड आहे असंही नाही. १९४१ साली क्रायस्लर कंपनीने मोटारीची पाच इंजिनं एकत्र करून रणगाड्याचं एक इंजिन केलं आणि असे हजारो रणगाडे युद्धावर गेले.

‘जोडणं’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वेल्डिंग येतं. वेल्डिंग अवघड आहेच, पण खरा निर्णय त्याच्या कितीतरी आधी घ्यावा लागतो: दोन्हीकडची ताकद नेमकी कुठे एकत्र येणार? एकाच क्रँकपिनवर? लांब केलेल्या क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव गोल फिरवणाऱ्या दांड्यावर? की इंजिनं जशीच्या तशी ठेवून बाहेर गिअरमध्ये? ही जागा जितकी आत, तितकं इंजिन आटोपशीर आणि बनवणाऱ्याची कसोटी मोठी. जितकी बाहेर, तितकं बनवणं सोपं आणि इंजिन बोजड. बाकीचे सगळे प्रश्न या एका निवडीतून निघतात, म्हणून हे तीन मार्ग एकेक करून बघू.

पहिला मार्ग: एकाच पिनवर दोन पिस्टन

सुरुवात बुलेटपासून, कारण ती आपल्याकडे कुठल्याही गॅरेजात उघडलेली बघायला मिळते. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या ३५० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर, ५०० चा ८४. स्ट्रोक (पिस्टनची धाव) मात्र दोन्हींचा ९० मिलिमीटरच. नळकांड्याच्या घनफळाचं शाळेतलं सूत्र लावलं की एक येतं ३४६ सीसी आणि दुसरं ४९९. दुप्पट करा: ६९३ आणि ९९८. मस्केटची पहिली आवृत्ती सातशेची आणि नंतरची ९९८ सीसीची, हे आकडे इथून आलेत.

बुलेटचा क्रँक म्हणजे दोन जड फ्लायव्हील, त्यांच्यामध्ये एक पिन, आणि त्या पिनवर पिस्टनला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं मोठं टोक. व्ही-ट्विन, म्हणजे व्ही आकारातलं दोन सिलिंडरांचं इंजिन, करताना याच पिनवर दुसरा रॉड बसतो. दोन्ही सिलिंडर वरच्या बाजूला फाकलेले, खाली पिन एकच. मस्केटमध्ये हा कोन ५९ अंशांचा आहे, कार्बेरीच्या इंजिनात ५५.

आता पिनचं काय होतं ते बघा. दोन्ही सिलिंडर एकाच क्षणी पेट घेत नाहीत, त्यामुळे पिनवर येणारा जास्तीत जास्त दाब दुप्पट होत नाही. इथपर्यंत ठीक. पण दोन रॉड शेजारी शेजारी बसवायचे तर पिन लांब करावी लागते, आणि लांब पिन जास्त वाकते. वाकली की फ्लायव्हील किंचित तिरके होतात आणि दोन्ही बाजूंची बेअरिंगं खायला लागतात. हार्ले-डेव्हिडसनने यावर फार पूर्वी तोडगा काढला: एका रॉडचं खालचं टोक दुभंगलेलं, दुसऱ्याचं अरुंद, आणि अरुंद टोक दुभंगलेल्याच्या मधोमध. पिन आखूडच राहते आणि दोन्ही सिलिंडर एका रेषेत येतात. पण असे रॉड बाजारात सुटे मिळत नाहीत, करून घ्यावे लागतात.

पिन दाबून बसवली की क्रँक सरळ करणं आलं. क्रँक दोन सेंटरमध्ये धरायचा, शाफ्टवर डायल गेज टेकवायचं आणि हाताने हळू फिरवायचा. काटा मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांपलीकडे हलला की फ्लायव्हीलच्या कडेवर तांब्याच्या हातोड्याचा एक ठोका. परत फिरवायचं, परत काटा बघायचा. जुने मिस्त्री हे काम शांतपणे करताना बघण्यासारखे असतात. ठोका कुठे आणि किती जोरात, हे पुस्तकात लिहून देता येत नाही.

मग ठेका. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांमध्ये, म्हणजे ७२० अंशांत, एकदाच पेटतो. दोन सिलिंडर असले तर आदर्श अंतर ३६० अंशांचं. पण पिन एक आणि सिलिंडरांमध्ये ५९ अंशांचा कोन, त्यामुळे एका स्फोटानंतर दुसरा येतो ३०१ अंशांनी आणि त्याच्यापुढचा ४१९ अंशांनी. बेरीज ७२०, पण वाटणी असमान. व्ही-ट्विनचा तो लंगडत चाललेला आवाज या असमान वाटणीचा आहे. सायलेन्सर बदलून तो एका सिलिंडरच्या गाडीतून कधीच निघणार नाही, कितीही पैसे घालवा.

कंपनाची गोष्ट जरा समजून घेण्यासारखी आहे, कारण कोनाचा प्रश्न तिच्यातच दडलाय. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली धावतो आणि गाडीला वर-खाली हादरे देतो. ते मारायला फ्लायव्हीलवर पिनच्या विरुद्ध बाजूला वजन ठेवतात. पण हे वजन गोल फिरतं. पिस्टन वर असताना ते खाली असतं, इथे दोघांची फिट्टंफाट होते. पिस्टन मध्यावर आला की मात्र वजन एका अंगाला असतं आणि तिथे त्याला रोखायला कोणी नाही, म्हणून गाडी पुढे-मागे थरथरते. म्हणजे वजन वाढवलं तर वर-खालीचा हादरा कमी होऊन पुढे-मागचा वाढतो, एवढाच व्यवहार. आता दुसरा सिलिंडर बरोबर ९० अंशांवर ठेवला, तर त्याचा पिस्टन नेमकी ती पुढे-मागची थरथर खाऊन टाकतो. म्हणून ९० अंशांची व्ही-ट्विन मुलायम चालते. डुकाटीने हाच कोन धरलाय.

मग सगळेच ९० का घेत नाहीत? जागा. नव्वद अंशांत फाकलेले दोन सिलिंडर लांबीला फार जागा खातात, दोन चाकांमधलं अंतर वाढवावं लागतं. बुलेटसारख्या आखूड फ्रेमचा विचार करून बनवायचं तर कोन आवळावा लागतो आणि थोडी थरथर मान्य करावी लागते. बुलेटवाल्यांना थरथरीचं तसंही काय कौतुक.

आता टायमिंग. बुलेटच्या उजव्या अंगाचं कव्हर काढलं की गिअरची रांग दिसते. व्हॉल्व्ह उघडणारा इनटेकचा कॅम वेगळा, एक्झॉस्टचा वेगळा, आणि त्यांवरून निघणारे पुशरॉड सिलिंडरच्या कडेने वर हेडपर्यंत, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यापर्यंत, गेलेले. दुसरा सिलिंडर आला की आणखी दोन कॅम आले, तेही मागच्या सिलिंडरच्या कोनाला साजेशा जागी. त्यात हेडचा वेगळाच तिढा. दोन्ही हेड सारखीच, आणि बुलेटच्या हेडला कार्ब्युरेटर मागे, एक्झॉस्ट पुढे. दोन्ही तशीच ठेवली तर पुढच्या सिलिंडरचा कार्ब्युरेटर आणि मागच्याचा एक्झॉस्ट व्हीच्या एकाच बेचक्यात येतात. मागचं हेड उलटं फिरवलं तर दोन्ही कार्ब्युरेटर बेचक्यात, एक्झॉस्ट चालवणाऱ्याच्या पायाशी, आणि हेड फिरलं म्हणून पुशरॉडही दुसऱ्या अंगाला. यावर एकच बरोबर उत्तर नाही. कागदावर आधी हेच सोडवायला लागतं, ब्लॉक हातात घ्यायच्या आधी.

आणि क्रँककेस. ती मूळ बुलेटची चालत नाही, कारण तिच्यात दुसऱ्या सिलिंडरला तोंडच नाही. वर्धनने ती नव्याने ओतून घेतली, त्यासाठी लाकडी पॅटर्न स्वतः तयार केले. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हव्या त्या आकाराचा लाकडी नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा, आतल्या पोकळीसाठी वाळूचेच कोअर ठेवायचे आणि वितळलेलं ॲल्युमिनियम ओतायचं. गोम अशी, की ॲल्युमिनियम थंड होताना साधारण सव्वा टक्का आकसतं. तीनशे मिलिमीटरची क्रँककेस हवी असेल तर पॅटर्न जवळजवळ चार मिलिमीटर मोठा करावा लागतो. शिवाय ज्या तोंडांवर नंतर मशीन चालणार तिथे दोन-तीन मिलिमीटर जादा माल ठेवायचा. पॅटर्न साच्यातून निघताना वाळू ओरबाडू नये म्हणून उभ्या बाजूंना हलका उतार द्यायचा. हे सगळं एका लाकडी ठोकळ्यात, हाताने.

वरचं उसनं, खालचं आपलं

इथे एक प्रश्न पडायला हवा. क्रँककेस नवी, क्रँक नवा, कॅम नवे, मग बुलेटचं उरलं काय? सिलिंडर, पिस्टन, हेड, व्हॉल्व्ह. आणि खरी बचत तिथेच आहे.

हेड ही इंजिनातली सर्वांत जास्त डोकं खाणारी वस्तू. हवा आत येण्याच्या वाटेचं वळण, व्हॉल्व्हचा कोन, ज्वलनाच्या पोकळीचा आकार, स्पार्क प्लगची जागा, उष्णता बाहेर जाण्याची वाट, या प्रत्येक गोष्टीवर कंपनीने वर्षानुवर्षं चाचण्या केलेल्या असतात. एकट्या माणसाला त्या करणं परवडत नाही. क्रँककेस त्या मानाने भूमितीचा प्रश्न आहे. बेअरिंगं एका रेषेत, तेलाच्या वाटा मोकळ्या, भिंती पुरेशा जाड. चांगला माणूस ती कागदावर सोडवू शकतो.

म्हणून मोठमोठे लोकही हेच करतात. मेलबर्नच्या इयन ड्रायस्डेल यांनी साडेसातशे सीसीची व्ही-८ मोटरसायकल बनवली, तिची हेड यामाहा एफझेडआर ४०० ची. इंग्लंडच्या रॅडिकल कंपनीने रेसिंगसाठी व्ही-८ बनवलं ते सुझुकी हायाबुसाच्या चार सिलिंडरांच्या हेडच्या दोन रांगा एका नव्या खालच्या भागावर बसवून. त्या इंजिनाच्या एसआर८ गाडीने २००५ मध्ये जर्मनीच्या नुर्बुर्गरिंगचा लांब ट्रॅक सात मिनिटांच्या आत पूर्ण केला आणि २००९ मध्ये सुधारित गाडीने ६ मिनिटं ४८ सेकंदांत. मोटरसायकलच्या हेडवर!

मिलयार्ड यांनी याचंच टोक गाठलं. ‘फ्लाइंग मिलयार्ड’ या मोटरसायकलला त्यांनी प्रॅट अँड व्हिटनी वास्प या विमानाच्या रेडियल (चाकाच्या आऱ्यांसारखे सिलिंडर मांडलेल्या) इंजिनातले दोन सिलिंडर लावले. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही १४६ मिलिमीटर, दोन मिळून जवळजवळ पाच लिटर. खालचं सगळं घरच्या वर्कशॉपमध्ये केलेलं.

दुसरा मार्ग: क्रँकच लांब करायचा

कावासाकीने १९६९ मध्ये एच१ नावाची तीन सिलिंडरांची टू-स्ट्रोक पाचशे काढली. बोअर ६०, स्ट्रोक ५८.८ मिलिमीटर. मिलयार्ड अशा तीन सिलिंडरांच्या कावासाकी घेऊन त्यांच्या चार आणि पाच सिलिंडरांच्या करतात. एच१ चे चार झाले की हिशोबाने ६६५ सीसी, पाच झाले की ८३१.

टू-स्ट्रोक का, याला कारण आहे. टू-स्ट्रोकला कॅम नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडर प्रत्येकी वेगळा आणि हवेवर थंड होणारा, त्यामुळे पाण्याच्या वाटा जुळवायच्या नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचं, क्रँक एकसंध नसतो, वेगवेगळे तुकडे प्रेसवर दाबून बनवलेला असतो. एक चाकती, एक पिन, परत चाकती. दोन क्रँक सोडवून त्यातून चार सिलिंडरांचा एक जुळवता येतो. तीन सिलिंडरांत पिना एकमेकींपासून १२० अंशांवर असतात. टू-स्ट्रोक प्रत्येक फेरीत पेटतो, म्हणून चार सिलिंडरांना ९० अंश आणि पाचांना ७२ अंश ठेवले की स्फोट सारख्या अंतराने होतात. प्रेसमध्ये दाबताना हा कोन चुकला तर परत काढा, परत दाबा. प्रत्येक वेळी पिनची पकड थोडी सैल होते, म्हणून हे फार वेळा करता येत नाही.

चार-स्ट्रोक मोटारीच्या इंजिनात ही सोय नसते. क्रँक एकाच तुकड्यात घडवलेला, त्याच्या पोटातून तेलाची भोकं गेलेली. तो कापून जोडत नाहीत. लांब हवा असेल तर पोलादाच्या अख्ख्या गजातून कोरून घ्यावा लागतो. खर्च कुठल्या कुठे जातो.

आता क्रँककेस. दोन घ्यायच्या. एकीचा इग्निशनकडचा भाग ठेवायचा, दुसरीचा क्लचकडचा, आणि मधल्या भिंती जिथे जुळतील तिथे कापायचं. एच१ ची क्रँककेस आडवी दुभंगते, वरचा भाग वेगळा, खालचा वेगळा. म्हणजे कापायचे तुकडे दुप्पट, आणि सगळे काप एकमेकांशी जुळायला हवेत. मिलयार्ड हे हॅकसॉ आणि कानशीने करतात. ऐकायला गावठी वाटतं, पण हाताने कापताना धातू तापत नाही आणि घाई होत नाही.

वेल्डिंगची अडचण अशी, की ॲल्युमिनियम वितळण्याआधी लोखंडासारखं लाल होत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, ओतीव मिश्रधातू त्याच्याही आधी. डोळ्यांना काही कळायच्या आत कडा ढासळते. शिवाय पन्नास वर्षं इंजिनात राहिलेल्या कास्टिंगने तेल पिऊन ठेवलेलं असतं. वरून कितीही घासा, उष्णता लागली की ते आतून उकळून वर येतं आणि जोडात फुगे धरतात. म्हणून आधी धुवायचं, मग तापवून तेल बाहेर काढायचं, परत धुवायचं. टिग वेल्डिंग थोडं थोडं, जागा बदलत. एका दमात पूर्ण जोड मारला तर अख्खी केस वाकते. तरी ती थोडीफार वाकतेच. त्यामुळे बेअरिंगच्या जागा वेल्डिंगनंतर परत एका रेषेत बोअर करून घ्याव्या लागतात, ज्याला वर्कशॉपमध्ये लाइन बोअरिंग म्हणतात. ते टाळून थेट क्रँक बसवणाऱ्यांचा क्रँक बसतो खरा, पण हाताने फिरत नाही.

बिडाच्या ब्लॉकचं त्याहून कठीण. बीड वेल्डिंगच्या कडेला थंड होताना तडकतं. निकेलच्या रॉडने, आधी तापवून आणि नंतर अगदी सावकाश थंड करून होतं, पण तिथे क्रँकचा सगळा भार येणार असेल तर कोणताही शहाणा मिस्त्री दोनदा विचार करतो.

लांब क्रँकचा आणखी एक शत्रू असतो, तो दिसत नाही. प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित पिळला जातो आणि परत सुटतो. जाडी तीच ठेवून लांबी वाढवली की पीळ वाढतो आणि क्रँकची स्वतःची डोलण्याची गती कमी होते. ती गती आणि स्फोटांची गती कुठल्यातरी आरपीएमला जुळली की पीळ साठत जातो आणि एक दिवस क्रँक तुटतो. आदल्या दिवसापर्यंत गाडी झकास चाललेली असते. मोटारींच्या लांब इंजिनांत पुढच्या पुलीत रबर असलेला डँपर दिसतो तो यासाठीच.

जाता जाता: मिलयार्ड यांची दोन कावासाकी झेड१३०० मधून केलेली २३०० सीसीची व्ही-१२ या मार्गात बसत नाही. तिथे सहा-सहा सिलिंडरांच्या दोन रांगा एकाच क्रँकवर आहेत, म्हणजे बुलेटच्या व्ही-ट्विनचंच ते सहापट रूप. जादा सिलिंडर आले, पण क्रँकची लांबी जवळपास तेवढीच.

तिसरा मार्ग: इंजिनं जशीच्या तशी, ताकद गिअरमध्ये

१९४१ मध्ये अमेरिकेला रणगाडे हवे होते, आणि रणगाड्यांत वापरली जाणारी रेडियल इंजिनं विमानांनाही लागत होती. नवं मोठं इंजिन काढायला वेळ नव्हता. क्रायस्लरकडे मात्र सहा सिलिंडरांचं ४.१ लिटरचं एक साधं, खात्रीचं इंजिन होतं आणि त्याची उत्पादनाची साखळी चालू होती. इंजिनिअरांनी त्याची पाच इंजिनं घेतली, वर्तुळात तिरकी-आडवी मांडली आणि पाचही क्रँकच्या टोकांचे गिअर मधल्या एका मोठ्या गिअरला जोडले. तीस सिलिंडर, साडेवीस लिटर, सुमारे ३७० हॉर्सपॉवर. नाव ए५७ मल्टिबँक.

पहिल्या दोन मार्गांशी ताडून बघा. क्रँक नवा नाही. पिस्टन, रॉड, व्हॉल्व्ह, सगळं रोजच्या उत्पादनातलं. अवघड वस्तू एकच, मधली गिअरपेटी. आणि एखादं इंजिन रुसलं तरी बाकीच्यांवर रणगाडा हलू शकायचा.

किंमत दुसरीकडे मोजली. इंजिन दोन टनांहून जड. ते बसेना म्हणून शर्मन रणगाड्याची पाठ ११ इंचांनी वाढवावी लागली आणि प्रत्येक बाजूच्या पट्ट्यात ७९ ऐवजी ८३ कड्या आल्या. त्या वाढलेल्या शर्मनला एम४ए४ म्हणतात. ७,४९९ बनले. अमेरिकी सैन्याने ते आघाडीवर नेणं टाळलं, बहुतेक ब्रिटनला दिले. देखभालीचा ताप म्हणजे पाच कार्ब्युरेटर. ते सुरुवातीला पाच बाजूंना होते, नंतर हात पोचावा म्हणून सगळे वर एका ओळीत आणले. पाचांची हवा-पेट्रोलची मात्रा जुळली नाही, तर गाड्याला जुंपलेल्या पाच बैलांतला एक मागे ओढत असावा तसं होतं. गाडा चालतो, पण बाकीचे चौघे त्यालाही ओढतात.

हे शर्मन भारतीय पलटणींकडेही होते. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात मेइक्तिलाकडे मुसंडी मारलेल्या २५५ व्या भारतीय टँक ब्रिगेडकडे शर्मन होते, आणि त्या ब्रिगेडमध्ये रॉयल डेक्कन हॉर्स ही पलटण होती. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात शर्मन बघायला गेलात तर खालच्या चाकांच्या जोड्यांकडे बघा. एम४ए४ मध्ये त्या जोड्यांमधली अंतरं इतर शर्मनपेक्षा जास्त असतात. वाढवलेली लांबी तिथे वाटून टाकलेली आहे.

गिअरने जोडण्याचे सगळेच प्रयोग इतके बरे निघाले नाहीत. जर्मनीने डीबी ६०१ ही दोन व्ही-१२ विमान इंजिनं शेजारी शेजारी ठेवून एका गिअरपेटीला जोडली आणि डीबी ६०६ केलं. हेन्केल १७७ या बॉम्बर विमानात ते बसवलं. दोन इंजिनांमधली जागा चिंचोळी, आतल्या बाजूचे एक्झॉस्ट एकमेकांच्या जवळ, आणि गळणारं तेल-पेट्रोल त्याच जागेत. हे विमान शत्रूपेक्षा स्वतःच्या इंजिनाच्या आगींसाठी जास्त बदनाम झालं. रेसिंगमध्ये ब्रिटनच्या बीआरएमने आडवी पसरवलेली दोन आठ सिलिंडरी इंजिनं एकावर एक ठेवून १६ सिलिंडरांचं इंजिन केलं. १९६६ मध्ये वॉटकिन्स ग्लेनला जिम क्लार्कने लोटस ४३ मधून त्या इंजिनावर अमेरिकन ग्रां प्री जिंकली. त्या इंजिनाचा तो एकमेव विजय. दोन क्रँक, त्यांना जोडणारे गिअर आणि त्या सगळ्याचं वजन, यांनी बाकीच्या शर्यती खाल्ल्या.

शेवटी आठवणाऱ्या गोष्टी

सिलिंडर वाढले की बेअरिंगं वाढतात आणि तेल तेवढंच राहतं. जुन्या बुलेटचा तेलपंप टायमिंग शाफ्टवरच्या वर्मवर चालतो आणि एकाच सिलिंडरच्या हिशोबाने तेल देतो. तो बदलावा लागतो, नाहीतर मागचा सिलिंडर आधी जातो. मागचाच का, तर पुढचा सिलिंडर वारा अडवतो आणि तापलेली हवा मागे सोडतो. हवेवर थंड होणाऱ्या प्रत्येक व्ही-ट्विनची ही तक्रार आहे.

क्लचचंही तसंच. जुन्या ३५० ची ताकद १८ बीएचपी. दुप्पट ताकद त्याच क्लचप्लेटवर आणि त्याच प्रायमरी चेनवर टाकली तर चढावर क्लच घसरणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

सुरू करणं हा तर वेगळाच खेळ. अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प दाबायचा, पिस्टन किंचित पुढे घ्यायचा आणि मग किक, हे बुलेटवाल्यांच्या पायात बसलेलं असतं. दोन सिलिंडरांत एक मोकळा केला की दुसरा अडवतो. म्हणून दोघांनाही डिकॉम्प लावा किंवा सरळ सेल्फ स्टार्ट बसवा. सायमन व्हाइटलॉक या इंग्रज गृहस्थाने कावासाकीचे सिलिंडर वापरून ४८ सिलिंडरांची मोटरसायकल बनवली, तिचं मुख्य इंजिन सुरू करायला गाडीवरच एक छोटं वेगळं इंजिन ठेवावं लागलं.

आणि आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. ३५० सीसी लिहिलेल्या आरसीवर सातशेचं इंजिन घेऊन रस्त्यावर उतरलात तर पोलिसाला क्रँकपिन समजावून उपयोग नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवेल. तेव्हा बनवायचंच असेल तर इंजिन स्टँडवर चालवण्यासाठी बनवा, आणि गाडीत घालायचं ठरवलंत तर पहिला ब्लॉक उघडण्याआधी आरटीओत जाऊन लेखी उत्तर घ्या.